आधी भावाकडे जा

महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे बिशप, पाळक, वडील आणि पंच कमिट्यांचे सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीत 31 वर्षं शब्बाथशाळा घेते आहे. तुमच्यापैकी काहींकडून लहानपणी मी दहा आज्ञा पाठ करून घेतल्या आहेत, त्या हक्काने हे लिहिते. ज्यांची-माझी ओळख नाही त्यांनी बहिणीचं पत्र समजून वाचावं.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या फाटकावर फ्लेक्स लागला. तीन दिवसांची उज्जीवन सभा, म्हणजे थंडावलेला विश्वास पुन्हा जागा करण्याची, बाहेरगावचे वक्ते, रोज रात्री प्रीतिभोजन. ज्या फाटकाला तो बांधला होता त्याला दोन कुलपं आहेत, दोन गटांची. दोन्ही निघाल्याशिवाय फाटक उघडत नाही. म्हणून रविवारी सकाळी दोन्हीकडचा एकेक माणूस येतो, एकमेकांकडे न बघता आपापली किल्ली फिरवतो आणि बाजूला होतो. आठला एका गटाची उपासना, साडेदहाला दुसऱ्याची. प्रभुभोजनाचा प्याला मात्र एकच आहे, माझ्या आजीच्या वेळचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दोन उपासनांच्या मधल्या वेळेत धुऊन, पुसून पुन्हा मेजावर ठेवावा लागतो. ते काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तो प्याला पुसताना जे मनात येतं तेच ह्या पत्रात आहे.

उज्जीवन कसं येतं हे शिकायला आपल्याला बाहेरचा वक्ता बोलवायची गरज नाही. दौंडच्या पुढे केडगाव आहे. नगरचं उपनगर केडगाव नव्हे, पंडिता रमाबाईंचं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुलींनी ते मुक्तिसदन भरलेलं होतं. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं की उज्जीवनासाठी रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल. 70 जणी तयार झाल्या. जूनपर्यंत त्यांच्या 550 झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीला, रमाबाई नेहमीसारखं वचन समजावून सांगत असताना, मुली रडू लागल्या आणि एकेक जण आपापली पापं बोलून दाखवू लागली. त्यानंतर ह्याच मुली गटागटाने आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला गेल्या.

ह्यातला क्रम मी तुम्हाला पुन्हा पाहायला सांगते. आधी पाच-सहा महिने गुडघे टेकणं, मग कबुली, आणि त्यानंतर बाहेर जाणं. आपण सुरुवात शेवटाकडून करतो. मांडव, ध्वनिक्षेपक, गाणी, टाळ्या, साक्षी, आणि कबुलीची वेळ आली की वक्ते म्हणतात, डोळे मिटा, कोणी इकडेतिकडे बघू नका, ज्यांना वाटतं त्यांनी हळूच हात वर करा. कोण हात वर करतं हे कळू नये म्हणून आपण किती जपतो! केडगावच्या त्या अनाथ पोरींना कोणी जपलं नव्हतं.

रमाबाईंची आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या व्यासपीठांवरून फार कमी ऐकू येते. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मला उमगलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विदुषी, पुराणं जिभेवर असलेली, धर्मांतरासाठी आपल्या माणसांची बोलणी खाल्लेली बाई हे कबूल करते. आपल्यातल्या पुष्कळांची चौथी-पाचवी पिढी त्या आठ वर्षांतच मुक्काम करून राहिली आहे. मंडळीच्या रजिस्टरात नाव आहे, कबरस्तानात जागा आहे, नाताळला नवे कपडे आहेत. ख्रिस्ताचं काय, असं कोणी विचारलं तर आपण त्याला उद्धट म्हणतो.

पवित्रपण हा शब्द तर आपण फारच लहान करून टाकला आहे. दारू नको, तंबाखू नको, सिनेमा नको, उपासनेत डोक्यावर पदर हवा. त्या शिस्तीची मी निंदा करत नाही. माझे आजोबा दारूतून वाचले ते तिच्यामुळेच, आणि ते वाचले म्हणून माझे वडील शिकले. पण पवित्रपणाच्या यादीत नेहमी गरिबाचीच पापं का असतात, हे मला कधी समजलं नाही. दारू पिऊन आलेल्या माणसाला भोजनविधीपासून दूर ठेवलेलं मी पाहिलं आहे. एका बाईचं दुसरं लग्न झालं म्हणून तिला महिला मंडळातून उठवलेलं पाहिलं आहे. मंडळीचा हिशोब तीन-तीन वर्षं न देणाऱ्याला कोणी भोजनविधीपासून दूर ठेवलंय, असं मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. उलट अर्पणाची थाळी तोच फिरवतो.

आता जमिनींबद्दल. ह्या विषयावर मंडळीत कुजबूज चालते, प्रार्थना कधी होत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

मिशनच्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जागा घेतल्या तेव्हा त्या गावाबाहेर होत्या. शाळा, दवाखाना, बोर्डिंग, उपदेशकाचं घर, बाकी सगळा माळ. गावं वाढली आणि तो माळ बसस्टँडच्या शेजारी आला. परदेशातून येणारा पैसा हळूहळू थांबला आणि मंडळीच्या हातात उरलं काय, तर रिकामी तिजोरी आणि सोन्याच्या भावाची जमीन. त्या दिवसापासून पंच कमिटीची निवडणूक ही निवडणूक झाली. तोवर लोकांना हाताला धरून कमिटीवर आणावं लागायचं, हे माझ्या वडिलांनी मला सांगितलेलं आहे.

पुढचं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मंडळीचा न्यास 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असतो. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. निवडणुकीनंतर हरलेला गट आपली वेगळी सभा घेतो, वेगळे विश्वस्त निवडतो आणि दुसरा चेंज रिपोर्ट घालतो. पहिल्याला दुसऱ्याची हरकत, दुसऱ्याला पहिल्याची. वर्षं जातात. बँक म्हणते, सही कोणाची ते ठरवून या. पाळकाचा पगार अडतो, बोर्डिंगचं छप्पर गळतं, आणि वकिलाची फी मात्र कुठून तरी निघते. जमीन विकायला कलम 36 खाली परवानगी लागते. ती मागणारे विश्वस्त कोण, ह्यावरच वाद असल्यामुळे जमीन काही वेळा वाचते, हे मात्र खरं. आपल्या भांडणाने मंडळीची जमीन राखली जावी, एवढी आपली अवस्था आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला हेच विचारलं होतं. भावाने भावावर फिर्याद करावी, तीही विश्वास न ठेवणाऱ्यांसमोर? त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही, नुकसान का सोसून घेत नाही? हा उतारा आपल्याकडे वाचला जातो, पण त्यावर संदेश झालेला मी ऐकलेला नाही. जिथे खरोखर चोरी झाली आहे तिथे कायद्याकडे जाऊ नका, असं मी म्हणत नाही. चोराला पाठीशी घालण्याला क्षमा म्हणत नाहीत. पण आपल्या दहा दाव्यांतले नऊ चोरीचे नसतात. ते मानाचे असतात, पुढच्या बाकाचे असतात. एका लग्नात कोणी कोणाला आधी हार घातला, तिथून सुरू झालेले असतात.

एकीबद्दल बोलायचं तर आधी आपण वेगळे कसे झालो ते आठवायला हवं. आमच्या नगर, वडाळा, राहुरी, शिरूरकडे अमेरिकन मराठी मिशन आलं. कोल्हापूर, सांगली, मिरजेला प्रेस्बिटेरियन. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी, जालना-नागपूरला स्कॉटिश मिशनरी, खानदेशात स्कँडिनेव्हियन, अकोल्याकडे अलायन्स, बुलढाण्याला नाझरीन. मिशनांनी आपापसात भांडण नको म्हणून मुलूख वाटून घेतला होता. जिथे वाटणी नीट झाली नाही तिथे, म्हणजे आमच्याच नगरमध्ये, दोन मिशनं शेजारीशेजारी उभी राहिली आणि एकाच खेड्यात दोन मंडळ्या झाल्या. आपल्यातल्या कोणाच्याही पणजोबांनी कॅल्विन आणि वेस्ली ह्यांची शिकवण समोरासमोर ठेवून निवड केलेली नाही. ते ज्या तालुक्यात जन्मले तो त्यांचा पंथ झाला. आणि आज त्या तालुक्यांच्या नावाने आपण एकमेकांना खरे आणि खोटे ख्रिस्ती ठरवतो.

त्या जुन्या लोकांना ह्याची लाज वाटत होती, हे लक्षात घ्या. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांच्या संघाला नाव काय दिलं होतं, तर ‘ऐक्य’. माझी आजी ऐक्याला जायची, म्हणजे नगरला मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्याला. बैलगाडीने, शिदोरी बांधून. आम्हाला लहानपणी ऐक्य ही जायची जागा वाटायची, गावाचं नाव असल्यासारखी.

आणि नागपूर. 1929 पासून सुरू झालेली बोलणी चार दशकं चालली, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी झाली. एक अँग्लिकन, दुसरी काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन ज्यात आधीच एकत्र आले होते ती संयुक्त मंडळी, आणि मग बाप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिले, ही चुटपुट अजून आहे. त्या विधीत वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवले. माझी दीक्षा खरी आणि तुझी कच्ची, हा वाद कोणी जिंकला नाही, सगळ्यांनी डोकं वाकवलं. मी तेव्हा लहान होते. वडिलांनी रात्री घरी येऊन प्रार्थनेत तो प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. चाळीस वर्षं खपून लोकांनी बांधलेलं ते ऐक्य दोन पिढ्यांत आपण एका फाटकाच्या दोन कुलपांवर आणून ठेवलं.

पण सगळंच हरवलेलं नाही. ‘उपासना संगीत’ उघडा. त्यातली गाणी कोणत्या पंथाची आहेत? नारायण वामन टिळकांचं गीत कोल्हापुरात, नागपुरात, मुक्तिफौजेत, पुण्याच्या नव्या संगतीतही (फेलोशिपमध्येही) त्याच ओढीने म्हटलं जातं. कृष्णराव सांगळ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा टाळ-मृदंग कोणत्या मिशनचे, असं कोणी विचारलं नाही. मला लहानपणी सांगितलं होतं की फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ कॅथलिकांचं आहे, आपलं नाही. पन्नाशीत वाचलं. गोव्यात 1616 साली छापलेलं, आणि मराठीचं असं कौतुक की आपली भाषा पाषाणांतल्या रत्नकिळेसारखी वाटावी. एवढी वर्षं मी ते परकं का समजले ह्याचं फार वाईट वाटलं. वसईच्या, हरेगावच्या कॅथलिक बहिणीभावांना आपण सणाला शुभेच्छा देतो, पण गावातल्या एखाद्या दुःखात एकत्र प्रार्थना करायची वेळ आली की परवानगी कोणाची घ्यायची ह्यावर अडतो.

आणि जात. हे टाळून पुढे जाणं म्हणजे ह्या पत्राचा खोटेपणा होईल.

नगरच्या पहिल्या मंडळीत हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक असे ब्राह्मण होते आणि महार विश्वासणारे होते. ते एका भाकरीतून खात, एका प्याल्यातून पीत. त्या काळात ह्या एका घोटाची किंमत घर, वतन, आई-बाप एवढी होती. त्यांनी पवित्रपण, ऐक्य, शिष्यत्व असे वेगवेगळे विषय केले नाहीत. प्याला तोंडाला लावला त्यात तिन्ही आले. आज आपल्या निवडणुकीत पॅनल कशावर बांधलं जातं हे तुम्हाला माहीत आहे. लग्न जुळवताना ‘मूळचे कोण’ हे हळू आवाजात विचारलं जातं, आणि विचारणारे कधीकधी मंडळीचे वडीलच असतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळलं. त्यामुळे किती घरांत कागदावर एक धर्म आणि देवघरात दुसरा असतो. त्या आईबापांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. पोराच्या फीसाठी ती वेळ ज्याच्यावर आली नाही त्याने तरी तो दगड उचलू नये. पण सरकारने आमची जात पुसावी की ठेवावी ह्यावर आपण मोर्चे काढतो, मग आपल्या मंडळीतली जात पुसायला कोणाची परवानगी हवी आहे?

शिष्यत्वाविषयी माझा जीव सर्वांत जास्त तुटतो, कारण तो माझ्या शाळेचा विषय आहे.

प्रभूने शेवटची आज्ञा दिली ती शिष्य करा अशी. सभासद करा, असं तो म्हणाला नाही. आणि पुढे म्हणाला, मी जे सांगितलं ते सगळं पाळायला शिकवा. नुसतं शिकवा नव्हे, पाळायला शिकवा. आपल्या गावात कोणी तुळशीची माळ घातली की आठ दिवसांत सगळ्या गावाला कळतं, ह्याच्या घरी आता मटण शिजणार नाही, हा दारूच्या बैठकीला बसणार नाही, एकादशी धरणार, आषाढात वारीला जाणार. सोयरे त्याच्यासाठी वेगळं ताट करतात. माळकऱ्याच्या शब्दावर लोक उधारी देतात. आपल्या दृढीकरणाने, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं मुलांनी स्वतःच्या तोंडाने घेण्याच्या विधीने, गावाला काय कळतं? पोरीने पांढरा फ्रॉक घातला, पोराने कोट घातला, फोटो निघाले, जेवण झालं. मी दृढीकरणाचा वर्ग घेऊ लागले तेव्हा तो पावसाळाभर चालायचा. मुलं डोंगरावरील प्रवचन पाठ करायची, आणि दर आठवड्याला त्यातली एक गोष्ट करून येऊन सांगायची. एका मुलाने शेजाऱ्याशी चार वर्षं बंद असलेलं बोलणं सुरू केलं होतं, एवढासा पोरगा. आता मला तीन रविवार मिळतात. बाई, क्लास असतो, परीक्षा असते, लवकर आटपा. मीही आटपते. ह्यात माझाही दोष आहे.

नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती, अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानून त्याच्यामागे चालणं. त्यांना पुढे दोनच वर्षं मिळाली, 1919 च्या मे महिन्यात ते गेले. बाप्तिस्म्याबद्दलची त्यांची ती मोकळीक पुष्कळांना पटली नव्हती आणि माझ्याही मनात तिच्याविषयी प्रश्न आहेत. पण त्यांचं दुखणं मला नेमकं कळतं. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलेल्या त्या माणसाला गुरू-शिष्य हे नातं काय असतं ते ठाऊक होतं. गुरूच्या घरी राहतात, त्याचं पाणी भरतात, त्याचा स्वभाव अंगात मुरू देतात. इथे येऊन पाहिलं तर नातं होतं पगाराचं, रजिस्टरचं आणि कमिटीचं.

आपली तरुण मुलं पुण्या-मुंबईत नोकरीला गेली की तिथल्या नव्या संगतींत जातात. आपण म्हणतो, ती पळाली, गिटारला भुलली. मी त्यातल्या काहींना विचारलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, बाई, तिथे मंगळवारी आम्ही आठजणी एका खोलीत बसतो, एक अध्याय वाचतो, आणि गेल्या मंगळवारी तू काय ठरवलं होतंस, ते झालं का, असं एकमेकींना विचारतो. गिटारचं नाव तिने काढलंही नाही. आपल्या मंडळीत तिच्या बाविसाव्या वर्षापर्यंत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिथल्या शिकवणुकीतलं सगळं मला पटतं असं नाही. भरभराटीची वचनं देऊन पैसे मागणारेही त्या शहरांत पुष्कळ आहेत आणि आपली साधी पोरं त्यांच्या हाती लागतात. पण ज्या घरात ताट वाढलेलं नाही त्या घराने मुलगा शेजारी जेवला म्हणून रागावू नये.

माझी आजी छप्पनच्या, म्हणजे 1900 च्या, दुष्काळातल्या पोरक्या मुलीची लेक. तिला लिहिता बेताचंच यायचं, पण स्तोत्रं पाठ होती. दिवा लागला की कुटुंबप्रार्थना. ती सगळ्यांना बसवायची, गड्यालाही. वाचन झालं की विचारायची, आज कोणाशी भांडून आलात? असेल तर जाऊन या, आम्ही थांबतो. आणि खरोखर थांबायची. भाकरी गार व्हायची. माझे काका एकदा रात्री बांधावरच्या भांडणापायी अर्धा कोस चालत जाऊन आले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे मोठेपणी पर्वतावरच्या प्रवचनातलं ते वचन नीट वाचलं, की अर्पण वेदीजवळ आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तेव्हा कळलं की आजी काही नवीन करत नव्हती.

म्हणून माझी मागणी उज्जीवन सभेची नाही. येत्या उपवासकालात उज्जीवन सभा ठेवू नका. त्या तीन दिवसांचा मांडवखर्च वाचवा. त्याऐवजी राखेच्या बुधवारी, उपवासकालाच्या पहिल्याच दिवशी, प्रत्येक जिल्ह्यातल्या बिशपांनी, पाळकांनी आणि दोन्ही बाजूंच्या वडिलांनी एका खोलीत बसावं, वकील आणि समर्थक बाहेर ठेवून, आणि एकमेकांविरुद्धच्या दाव्यांची यादी मोठ्याने वाचावी. फक्त वाचावी. कोण बरोबर ते ठरवू नये. मला खात्री आहे की अर्ध्यांची सुरुवात कशावरून झाली हे वाचणाऱ्यालाच आठवणार नाही. जे मागे घेता येतील ते उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आत मागे घ्यावेत, एकाने घेतला तर दुसरा घेईल ह्याची वाट न बघता. मंडळीचा हिशोब उपासनेत, कबुलीच्या प्रार्थनेच्या आधी वाचला जावा, आणि तो वाचताना चुकलेल्याने उभं राहावं. पुढे बसलेल्यांनी आधी उभं राहावं, मग आम्ही राहू. डोळे उघडे ठेवून.

एकी करायला नवी घटना, नवी समिती नको. एका गावातल्या सगळ्या मंडळ्यांनी वर्षातून एकदा, गावातला सगळ्यात गरीब ख्रिस्ती ज्या वस्तीत राहतो तिथे, एकत्र उपासना करावी, एवढ्याने सुरुवात होईल. कॅथलिक आणि आपण एका मेजाशी बसू शकत नाही हे मला माहीत आहे, ते दुःख पोटात ठेवून एकत्र वचन वाचता येतं. आणि दृढीकरणाचे वर्ग पुन्हा पावसाळाभराचे करा. पालक ओरडतील. ओरडू द्या. पाळकसाहेबांनी त्या वर्गाला स्वतः बसावं, निदान महिन्यातून एकदा, आणि मुलांसमोर सांगावं की ह्या आठवड्यात प्रभूची कोणती आज्ञा त्यांना जड गेली. आमची मुलं त्यांचं हे बोलणं ऐकायला आसुसलेली आहेत, हे मी 31 वर्षांच्या अनुभवाने सांगते.

ह्यातलं काही मी स्वतः न करता तुम्हाला सांगत असेन तर हे पत्र फाडून टाका, असं मनात आलं आणि मी मधेच लिहिणं थांबवलं होतं. कारण साडेदहाच्या उपासनेला माझी एक मैत्रीण जाते. आम्ही दोघी मिशन बोर्डिंगात एका सतरंजीवर वाढलो. निवडणुकीत तिच्या नवऱ्याने माझ्या भावाविरुद्ध सही केली, आणि त्यानंतर सहा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या सुनेच्या बाळंतपणात गेले नाही. तिच्या आईच्या मातीला गेले, पण लांब उभी राहिले. प्रभुभोजनाचा तो प्याला मी किती तरी वेळा तिच्यासाठी धुतला आणि प्रत्येक वेळी तिला नजर न देता बाहेर पडले.

काही दिवसांपूर्वी एका शनिवारी मी तिच्या दारात गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्यातलं काही आठवलं नाही. तिने दार उघडलं, थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, आत ये, चहा टाकते. दावा अजून चालू आहे. तिचा नवरा आणि माझा भाऊ अजून बोलत नाहीत. आम्ही दोघींनी ठरवलंय की दर गुरुवारी संध्याकाळी दिवा लागल्यावर तिच्या ओट्यावर बसून त्या दोघांसाठी आणि तुमच्यासाठी प्रार्थना करायची. पहिल्या गुरुवारी आम्ही दोघीच होतो. काल शेजारची एक मुलगी येऊन बसली.

आपली नम्र,
नगर जिल्ह्यातली एक शब्बाथशाळेची बाई